वऱ्हाडचा साधू, परमुलखात

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात जांब नावाचे गाव आहे. इसवी सन १६०८ च्या रामनवमीस सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाई यांच्या पोटी तेथे नारायण नावाचा मुलगा जन्मला. वयाच्या बाराव्या वर्षी बोहल्यावर ‘सावधान’ हा शब्द कानी पडताच तो निघून गेला आणि नाशिकजवळ टाकळीस बारा वर्षे तप करून, पुढे आणखी बारा वर्षे भरतखंड पायी पालथे घालून, समर्थ रामदास या नावाने कृष्णेच्या खोऱ्यात स्थिरावला, ही हकीकत महाराष्ट्रातील शाळकरी मुलासही तोंडपाठ असते. समर्थांच्या कार्याचे एक अंग मात्र तितकेसे ध्यानात घेतले जात नाही, ते हे की त्यांनी आपले शिष्य स्वतःभोवती गोळा करून ठेवले नाहीत. मठाची परवानगी, थोडा उपदेश आणि झोळी एवढ्या शिदोरीवर त्यांनी ते दूरदूरच्या मुलखांत पाठविले. त्यांपैकी भीमस्वामी तर थेट कावेरीकाठी तंजावरास जाऊन राहिले, जेथे राजवाडा मराठी असला तरी वाडीवस्तीची, बाजारपेठेची आणि देवळांची भाषा तमिळ होती. परभाषेच्या प्रांतात एकट्या साधूने जाऊन वास्तव्य करावे आणि तेथल्या माणसांना आपल्याजवळचे काही द्यावे, ही कल्पना जांबेच्या मातीला मुळीच परकी नाही.

यंदा चैत्रात जांबेच्या राममंदिरात एका वृद्ध कीर्तनकारांशी बोलणे निघाले. मी ज्यांच्याविषयी लिहिण्याच्या विचारात होतो त्या साधूंची हकीकत त्यांना सांगितली: वऱ्हाडात जन्म, वकिलीचे शिक्षण, दत्ताची उपासना, गुरूची आज्ञा आणि त्या आज्ञेवरून विलायतेस प्रयाण. कीर्तनकारांनी सगळे लक्ष देऊन ऐकले आणि विचारले, “तिकडं मठ केला का त्यांनी?”

“नाही, महाराज.”

“शिष्यशाखा?”

“सांगण्यासारखी नाही.”

“मग माघारी राहिलं काय?”

समर्थांच्या गावी हा प्रश्न स्वाभाविक होता, कारण मठ, महंत आणि शिष्यपरंपरा यांवरूनच तेथे साधूच्या कार्याची मोजदाद करण्याची रीत आहे. आणि मला तो इतका रास्त वाटला की त्याचे उत्तर दोन वाक्यांत उरकण्याचे धैर्य झाले नाही.

जालन्याहून देऊळगाव राजाची वाट धरली की घटकाभरात मराठवाडा संपतो आणि वऱ्हाड लागते. आज ही सरहद्द रस्त्याकडेच्या पाटीपुरती उरली असली, तरी शंभर वर्षांपूर्वी तिच्या दोन बाजूंस दोन निराळे अंमल होते. मुळात दोन्ही मुलूख हैदराबादच्या निजामाचे. परंतु १८५३ च्या तहनाम्याने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि १९०२ च्या करारान्वये तो कायमच्या इजाऱ्याने त्यांच्याकडेच राहिला, तर जालना १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यातच होते. या राजकीय योगायोगाचा परिणाम माणसांच्या आयुष्यावर झाल्यावाचून राहिला नाही. जालना, अंबड, परतूर या भागांतील बुद्धिमान मुलास सरकारदरबारी मान हवा असेल तर उर्दूची कास धरावी लागे आणि मराठी ही देवळातील, शेतातील व माजघरातील भाषा होऊन राहिली. देऊळगावापलीकडच्या मुलास मात्र नागपूर, पुणे, मुंबई हे रस्ते खुले होते आणि त्या रस्त्यांवर इंग्रजी भाषा उभी होती. दोन्हीकडचे लोक नात्यागोत्याचे, एकाच देवतांचे उपासक. परंतु एकाच्या मुलाने इंग्रजीत ग्रंथ लिहावा आणि दुसऱ्याच्या मुलाने उर्दूत अर्ज लिहावा असा हा विलक्षण काळ होता.

वर सांगितलेल्या साधूंचा, म्हणजे शंकर गजानन पुरोहित (पुढे श्री पुरोहित स्वामी) यांचा जन्म १२ ऑक्टोबर १८८२ रोजी बडनेरा येथे एका सुखवस्तू, धर्मनिष्ठ ब्राह्मण कुटुंबात झाला. मुंबईहून नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे हे गाव; अमरावतीची गाडी येथेच बदलावयाची. मराठी, संस्कृत आणि इंग्रजी या तिन्ही भाषा त्यांना लहानपणीच अवगत झाल्या. १९०३ मध्ये त्यांनी तत्त्वज्ञान विषय घेऊन कलकत्ता विद्यापीठाची बी. ए. ची पदवी मिळविली आणि नंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या मार्गाने मुंबई विद्यापीठाची कायद्याची पदवीही संपादन केली. वकिली मात्र त्यांनी केली नाही. ज्या पिढीत वऱ्हाडातील हुशार तरुण वकील होई, वकिलीतून पुढारी होई आणि पुढारीपणातून कौन्सिलात जाई, त्या पिढीत वाढलेल्या माणसाने ही शिडी पहिल्याच पायरीवर सोडून द्यावी, याचा अर्थ त्याचे मन केव्हाच अन्यत्र जडले होते.

ते जडले होते दत्तात्रेयाच्या ठायी. सरहद्दी कोणत्याही असोत, दत्तसंप्रदायाने त्या कधी मानल्या नाहीत. नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान कारंजे वऱ्हाडात, माहूरचे शिखर मराठवाड्यात, जनार्दनस्वामींचा देवगिरी किल्ला जालन्यापासून फार दूर नाही आणि त्यांचे शिष्य एकनाथ गोदातीरी पैठणास. या सगळ्या भूभागावर त्रिमूर्तीचे छत्र एकच आहे. पुरोहितांनी बालपणीच ब्रह्मचर्याचा संकल्प केला होता. आईवडिलांच्या इच्छेस मान देऊन १९०८ मध्ये त्यांनी गोदूबाईंशी विवाह केला, दोन मुली व एक मुलगा अशी अपत्ये झाली आणि त्यानंतर पत्नीच्या संमतीने त्यांनी पुन्हा ब्रह्मचर्यव्रत घेतले.

‘पत्नीच्या संमतीने’ हे शब्द चरित्रकार सहज लिहून जातो आणि वाचकही सहज वाचून जातो. मला येथे थोडे थांबावेसे वाटते. चोवीस वर्षांनी समर्थ जांबेस आले तेव्हा राणूबाईंची दृष्टी गेलेली होती, अशी परंपरागत कथा आहे. मुलाच्या वाटेकडे डोळे लावून ते गेले असे गावकरी सांगतात, आणि बोहल्यावर राहिलेल्या त्या मुलीचे पुढे काय झाले याविषयी कथा काहीच सांगत नाही. संन्याशाच्या सेवेचा हिशेब मांडताना तो जेथून निघाला त्या घराचाही तपशील त्यात यावयास हवा. तीन लहान मुलांचा संसार सांभाळीत ज्या स्त्रीने पतीस मोकळे केले, तिच्या वाट्याचे कष्ट कोणत्याही इंग्रजी प्रस्तावनेत नोंदलेले नाहीत. पुढे लंडनमध्ये जे घडले त्यास तिचाही आधार होता असे मी मानतो आणि तसे येथे लिहून ठेवतो.

त्यांना गुरू भेटले ते नाटेकर स्वामी, ज्यांना शिष्य भगवान श्री हंस म्हणत. वयाने ते आपल्या शिष्याहून फार मोठे नव्हते, परंतु अधिकाराने किती मोठे होते हे पुरोहितांनी आयुष्यभर आपल्या वर्तनाने दाखविले. विसाव्या शतकाच्या आरंभी हंसस्वामींनी हिमालय ओलांडून मानससरोवर व कैलास यांची यात्रा केली. सरोवर साडेचार हजार मीटरांहून अधिक उंचीवर, कैलासाचे शिखर सहा हजार सहाशेच्या वर. तेव्हा त्या वाटेस ना नकाशाचा भरवसा होता ना निवाऱ्याचा, आणि तिबेटातील लुटारूंचे भय निराळेच. गोठलेल्या गौरीकुंडाच्या काठी, दर्शन झाल्यावाचून उठावयाचे नाही अशा निश्चयाने ते बसले आणि तेथे दत्तात्रेयाने आपणास दर्शन व दीक्षा दिली, असा त्यांचा अनुभव होता. ही सगळी यात्रा त्यांनी मराठीत लिहिली. आपल्या भाषेतील प्रवासवर्णनांची याद करताना गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ आपण अभिमानाने सांगतो, आणि ते योग्यच आहे. हंसस्वामींचा हा वृत्तांतही त्या यादीत आदराने दाखल व्हावा अशा योग्यतेचा आहे.

पुरोहितांनी मग भिक्षापात्र हाती घेऊन काही वर्षे भारतभर भ्रमण केले. आणि पुढे गुरूंची आज्ञा झाली की पश्चिमेस जा.

१९३१ साली भगव्या वस्त्रांतील हा अठ्ठेचाळीस वर्षांचा वऱ्हाडी गृहस्थ लंडनमध्ये दाखल झाला, तेव्हा पश्चिमेस योगाचे नाव अगदीच अपरिचित राहिले नव्हते. विवेकानंदांच्या १८९३ च्या शिकागोतील भाषणास चार दशके होत आली होती. योगानंद १९२० मध्ये बॉस्टनला पोहोचून अमेरिकेत आपली संस्था उभारून बसले होते. इकडे लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापून आसन-प्राणायामांस प्रयोगशाळेत आणले होते, आणि येल विद्यापीठातून आलेल्या एका मानसशास्त्रज्ञाने तेथे राहून केलेल्या अभ्यासाचा ग्रंथ १९३७ मध्ये निघाला. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९३६ मध्ये विलायतेस गेले असता त्यांच्या सूर्यनमस्कारांनी एका वृत्तपत्रकर्तीस इतके वेधून घेतले की तिने संपादिलेले त्यांचे पुस्तक १९३८ मध्ये लंडनमध्येच प्रसिद्ध झाले. सूर्यनमस्कारांची जी परंपरा सातारा-औंधच्या बाजूस समर्थांशी जोडून सांगतात, ती अशा रीतीने थेम्सच्या काठी पोहोचली. अशा वेळी पुरोहित स्वामींनीही आसने शिकविणारा आश्रम काढला असता तर त्यांस शिष्य मिळाले असते यात शंका नाही. त्यांनी व्याख्याने दिली, साधकांस मार्गदर्शनही केले. परंतु त्यांच्या हातून जे टिकाऊ कार्य व्हावयाचे होते ते टेबलाशी बसून, लेखणीने व्हावयाचे होते, आणि त्यासाठी एका माणसाची भेट पडणे अवश्य होते.

स्टर्ज मूर या कवीने ती भेट घडवून आणली. विल्यम बटलर येट्स तेव्हा पासष्टी ओलांडलेला, नोबेल पारितोषिकाने गौरविलेला, आयर्लंडच्या सिनेटात बसून आलेला, युरोपातील अग्रगण्य कवी होता. भारताशी त्याचा संबंध जुना: विशीत असताना डब्लिनमध्ये मोहिनी चटर्जी यांच्या तोंडून त्याने वेदान्त ऐकला होता आणि १९१२ मध्ये रवींद्रनाथांच्या गीतांजलीस प्रस्तावना लिहून तिचा पश्चिमेत गाजावाजा करण्यात पुढाकार घेतला होता. चटर्जींकडून त्याला विचार मिळाला, रवींद्रनाथांकडून काव्य मिळाले. परंतु देवाच्या दर्शनासाठी उपाशी राहणारा, अनवाणी चालणारा, रडणारा आणि तरीही हसतमुख असा प्रत्यक्ष साधक त्याच्या घरी येऊन बसला तो हा पहिलाच. त्याने स्वामींस आग्रह केला की तत्त्वचर्चा बाजूस ठेवा, स्वतःचे आयुष्य लिहा. काय खाल्ले, कोठे निजलात, कोणते दर्शन झाले, कोणते झाले नाही, ते सगळे लिहा.

हा सल्ला फार मोलाचा ठरला. आपल्याकडील संतचरित्रांत चमत्कार असतात, वंशावळ असते, आणि माणूस मात्र पुष्कळदा हरवलेला असतो. स्वामींनी लिहिलेले आत्मचरित्र ‘ॲन इंडियन मंक’ या नावाने १९३२ मध्ये मॅकमिलन कंपनीने येट्सच्या प्रस्तावनेसह छापले, आणि त्या पुस्तकात वऱ्हाडातील एका मराठी घराचे सोवळेओवळे, उपासतापास, गुरुशोध व यात्रा हे सारे इंग्रजी वाचकासमोर विनासंकोच येऊन उभे राहिले. स्टर्ज मूरने मसुद्यातील भाषा तपासून दिली. वयाच्या सतराव्या वर्षापासून आपण ज्याची वाट पाहत होतो ते हे पुस्तक आहे, अशा आशयाचा उद्गार येट्सने प्रस्तावनेत काढला. योगानंदांचे जगप्रसिद्ध आत्मचरित्र यानंतर चौदा वर्षांनी निघाले, ही गोष्ट येथे नमूद करणे उचित होईल.

दुसरे पुस्तक त्यांचे स्वतःचे नव्हते, म्हणूनच त्यांच्या वृत्तीचा ते अधिक खरा दाखला आहे. गुरूंचा कैलासयात्रेचा वृत्तांत त्यांनी मराठीवरून इंग्रजीत उतरविला आणि फेबर अँड फेबर या संस्थेने तो ‘द होली माउंटन’ या नावाने १९३४ मध्ये प्रसिद्ध केला. याही पुस्तकास येट्सची दीर्घ प्रस्तावना आहे. या पुस्तकाने कवीच्या मनात घर केले. त्याच सुमारास त्याने ‘मेरू’ नावाचे सुनीत लिहिले, ज्यात हिमशिखरांवरील गुहांत रात्र काढणारे तपस्वी आहेत आणि संस्कृतींच्या उत्थानपतनाकडे पाहणारी एक निर्भय दृष्टी आहे. इंग्रजी काव्याचे अभ्यासक या चौदा ओळींवर आजही पानेच्या पाने लिहितात. त्या ओळींमागे गौरीकुंडाच्या बर्फावर बसलेला एक मराठी साधू आहे आणि त्याची हकीकत मूळ आपल्या भाषेत लिहिली गेली होती, हे आपल्या विद्यापीठांतून इंग्रजी साहित्य शिकविताना आवर्जून सांगितले गेले पाहिजे.

१९३५ मध्ये भगवद्गीता निघाली, आणि स्वामींनी ती आपल्या कवी-मित्रास अर्पण केली; त्याच वर्षी येट्सला सत्तर वर्षे पूर्ण झाली. या अनुवादाचे मर्म ज्यास समजून घ्यावयाचे असेल त्याने त्याच काळी महाराष्ट्रात काय चालले होते तेही पाहावे. विनोबांची ‘गीताई’ १९३२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि धुळ्याच्या तुरुंगातील त्यांची गीतेवरील प्रवचनेही त्याच वर्षीची. संस्कृत न जाणणाऱ्या आईस गीता कळावी या तळमळीतून ‘गीताई’ जन्मली. आणि ज्ञानेश्वरांपासून चालत आलेली ही वृत्ती, की शास्त्र लोकांच्या तोंडच्या बोलीत आले पाहिजे, तीच पुरोहित स्वामींनी इंग्रजीच्या प्रांतात नेली. त्यांच्या गीतेत टिपांचे जंगल नाही, कंसांची कुंपणे नाहीत, पारिभाषिक शब्दांचा पहारा नाही. सुजाण मनुष्य दुसऱ्या सुजाण मनुष्याशी बोलेल तसा श्रीकृष्ण अर्जुनाशी गद्यात बोलतो. पंडितांनी हा अनुवाद स्वैर ठरविला. तो स्वैर आहेच. मूळ श्लोकाच्या शब्दाशब्दाचा पडताळा ज्यास हवा त्याने दुसरे पुस्तक उघडावे. परंतु गीता प्रथमच वाचणाऱ्या परकीयाच्या हाती कोणता अनुवाद द्यावा असे मला कोणी विचारले, तर मी हाच देईन.

यानंतर जे घडले तो या हकीकतीचा सर्वांत समृद्ध भाग होय. १९३५ च्या अखेरीस येट्स आणि स्वामी भूमध्य समुद्रातील मायोर्का या स्पॅनिश बेटावर गेले. कवीच्या छातीचा विकार त्यास आयर्लंडच्या हिवाळ्यात राहू देत नव्हता, आणि दोघांनी मिळून दशोपनिषदांचा अनुवाद करावयाचा बेत ठरला होता. येट्सला संस्कृत येत नव्हते. स्वामींचे इंग्रजी उत्तम होते, परंतु त्या भाषेचा कान त्यांस जन्मजात नव्हता. म्हणून स्वामींनी मूळ वाक्य वाचावे, त्याचा सरळ अर्थ इंग्रजीत सांगावा, आपल्या घरी आणि मठांतून तो कसा समजला जातो हे विशद करावे, आणि कवीने ते ऐकून, पुन्हा विचारून, खोडून, शेवटी उच्चारता येईल असे एक वाक्य लिहावे, अशी रीत पडली. जात्यावर दोघी समोरासमोर बसतात आणि खुंटा दोघींच्या हाती असतो, तसे हे काम चालले. कोणते पीठ कोणाच्या हातचे हे विचारण्यात अर्थ नाही.

येट्सच्या मनात या कामामागे एक जुना सल होता. त्याचा मित्र जॉर्ज रसेल चाळीस वर्षे त्यास उपनिषदांतील वचने ऐकवीत असे आणि हा जे बोलतो ते खरोखर त्यास कळते की काय, याचा छडा एक दिवस लावावयाचा असे येट्स मनाशी म्हणत आला होता, असे त्याने प्रस्तावनेत लिहिले आहे. रसेल १९३५ च्या जुलैत वारला. मित्र गेल्यानंतर काही महिन्यांतच हा छडा लावण्याचे काम सुरू व्हावे, यातील करुणा कोणाच्याही लक्षात यावी. तत्कालीन पौर्वात्य पंडितांचे अनुवाद त्यास लॅटिन शब्दांनी जड झालेले, जोडशब्दांनी गुंतलेले, वाचकास दारातूनच परतविणारे वाटत. शेतकऱ्याला ऐकवले तरी कळावे असे इंग्रजी त्याला हवे होते. येथे आयरिश कवीची आणि मराठी साधूची भूक एकच निघाली, कारण ओवीछंदावर वाढलेल्या स्वामींना अध्यात्म हे ऐकण्याची वस्तू आहे हे सांगण्याची गरजच नव्हती.

काम निर्विघ्न झाले नाही. १९३६ च्या जानेवारीत येट्स मरणाच्या दारापर्यंत जाऊन आला; हृदय आणि मूत्रपिंडे दोन्ही बिघडली होती आणि त्याच्या पत्नीस तातडीने बेटावर यावे लागले. शिवाय त्यांच्यासमवेत आलेल्या एका अनुयायी बाईंचे स्वामींशी बिनसले आणि त्यांनी पुढे स्वामींविरुद्ध बऱ्याच कटू गोष्टी पसरविल्या. या भानगडीवर इंग्रजी चरित्रकारांनी भरपूर शाई खर्च केली आहे. साधू हा माणूस असतो, त्याच्या भोवतालची माणसेही माणसेच असतात, आणि परमुलखात ज्याला ना घर ना नातलग त्याने अन्नवस्त्रासाठी दुसऱ्यांच्या मर्जीवर राहावयाचे म्हटले की असे प्रसंग उद्भवतातच. स्वामींच्या स्वभावातही बालसुलभ हट्ट आणि मानापमानाची जाणीव होती असे दिसते. येट्सने मात्र त्यांची संगत सोडली नाही, आणि मला त्या सगळ्या प्रकरणात एवढीच गोष्ट निर्णायक वाटते.

ईश, केन, कठ, प्रश्न, मुंडक, मांडूक्य, तैत्तिरीय, ऐतरेय, छांदोग्य आणि बृहदारण्यक, यांपैकी शेवटची दोन संक्षेपाने, अशी दहा उपनिषदे ‘द टेन प्रिन्सिपल उपनिषद्स’ या नावाने १९३७ मध्ये फेबरने छापली. मुखपृष्ठावर दोन नावे होती: श्री पुरोहित स्वामी आणि डब्ल्यू. बी. येट्स, याच क्रमाने. या प्रकाशनसंस्थेच्या संचालकांत तेव्हा टी. एस. एलियट होता, आणि हार्वर्डला असताना त्याने स्वतः पतंजलीचा अभ्यास केला होता. तेव्हा या पुस्तकांच्या नशिबी जाणते दप्तर आले हेही सुदैवच.

त्याआधी, १९३६ मध्ये, येट्सने आधुनिक इंग्रजी कवितेचा ऑक्सफर्ड संग्रह संपादिला आणि त्यात स्वामींच्याही कविता घेतल्या. पहिल्या महायुद्धात पडलेला विल्फ्रेड ओवेन त्या संग्रहातून वगळलेला, आणि बडनेऱ्याचा साधू मात्र त्यात समाविष्ट, यावरून समीक्षकांनी मोठे वादळ उठविले. ओवेनला वगळणे ही चूकच होती असे माझेही मत आहे. परंतु आपल्या साधकाला कवींच्या पंक्तीस बसविण्याचा त्या वृद्ध कवीचा हट्ट मला प्रिय वाटतो.

गुरू आजारी असल्याचे कळताच १९३६ च्या मे महिन्यात स्वामी भारतात परतले. लंडनमध्ये तोवर भारतीय गूढविद्येच्या अभ्यासासाठी एक संस्था निघालेली होती, तिचे अध्यक्षपद येट्सकडे होते, पुस्तकांचा बोलबाला होता, आणि आणखी पाच-दहा वर्षे राहिले असते तर संस्थेस इमारत व मासिक दोन्ही लाभली असती. ते राहिले नाहीत. आज्ञा झाली म्हणून गेले होते, गुरूंना गरज आहे म्हणून परतले. मधल्या पाच वर्षांत जमलेल्या मानमरातबाचा त्यांच्या या निर्णयाशी काही संबंध नव्हता. हंसस्वामींनी १९३७ मध्ये देह ठेवला. १९३८ मध्ये स्वामींनी केलेला पातंजल योगसूत्रांचा अनुवाद व विवरण ‘ॲफोरिझम्स ऑफ योग’ या नावाने पुन्हा फेबरकडूनच, पुन्हा येट्सच्या प्रस्तावनेसह बाहेर पडला. समाधिपादापासून कैवल्यपादापर्यंत चारही पादांतील सूत्रे त्यांनी घरगुती उदाहरणांनी उलगडली आहेत. सिद्धींचा मोह धरू नका हे जितक्या कळकळीने सांगितले आहे, तितक्याच साधेपणाने स्वतःस आलेले अनुभवही सांगितले आहेत. आज जगभर योग म्हणजे सतरंजीवर केलेला व्यायाम अशी समजूत रूढ झालेली असताना, चित्ताच्या वृत्तींपासून आरंभ करणारे हे लहानसे पुस्तक फार उपयोगी पडते. जालन्यातही अलीकडे २१ जूनला पटांगणावर पांढऱ्या पोशाखातील मुलामुलींच्या रांगा लागतात; त्यांना आसने शिकविणाऱ्या शिक्षकांनी हे पुस्तक अवश्य वाचावे अशी माझी शिफारस आहे.

येट्स आणि स्वामी यांची पुन्हा भेट झाली नाही. पत्रे मात्र जात-येत राहिली. २८ जानेवारी १९३९ रोजी फ्रान्सच्या दक्षिणेस येट्सचे निधन झाले. स्वामी १९४१ मध्ये निवर्तले, वयाच्या साठीच्या आत. युद्धाच्या धामधुमीत लंडनच्या वाचकाचे तिकडे लक्ष गेले नाही, आणि इकडे ते जेव्हा गेले तेव्हा देशाचे चित्त स्वातंत्र्याच्या लढ्यात गुंतले होते.

जांबेच्या कीर्तनकारांना पुढे एकदा मी ही सगळी पुस्तके दाखविली. त्यांना इंग्रजी येत नाही. त्यांच्या नातीने कठोपनिषदातील यम-नचिकेताचा संवाद त्या इंग्रजीतून आपल्या बोलीत जमेल तसा वाचून दाखविला. त्यांनी मध्येच तिला थांबवून पुढचे स्वतः सांगितले, कारण गोष्ट त्यांच्या पाठातलीच होती, आणि म्हणाले, “हे बरोबर सांगितलंय की. गोऱ्याला कळलं असंल.”

त्याला कळले, असे मानावयास आधार आहे. उपनिषदांची ती आवृत्ती पुढील अनेक दशके पुनःपुन्हा छापली गेली. गीतेचा अनुवाद इंग्लंड-अमेरिकेत खिशात मावणाऱ्या आकारात निघाला, आणि २००१ मध्ये एका अमेरिकन प्रकाशकाने, हिंदू परंपरेची ओळख नसलेल्या वाचकासाठी, पानापानावर टिपांसह त्याची नवी आवृत्ती काढली. टिपा एका अमेरिकन बाईंनी लिहिल्या आहेत. अनुवाद १९३५ चाच ठेवला आहे, आणि अनुवादकाचे नाव श्री पुरोहित स्वामी असेच छापले आहे.